फ्लॅशवरची काळी पट्टी

मयूर विहार, दिल्ली
९ नोव्हेंबर

ती. सुधाकरमामा,
सा. न.

ई-मेल लिहिते आहे, कारण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आमच्या घरची खबर अख्ख्या सोसायटीला देणं. परवा मी "अवनी बरी आहे" हे इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरच्या भल्ला आंटी घाबरून खाली आल्या. "क्या हुआ बेटा, सब ठीक?" तुम्ही नवं श्रवणयंत्र घेईपर्यंत लिहिणंच बरं.

या महिन्याचे फोटो सोबत जोडलेत. सुधन्वाची बदली झाली आणि आम्ही इकडे निघालो, तेव्हा तुम्ही तुमचा छोटा जुना कॅमेरा माझ्या पर्समध्ये कोंबलात आणि अट घातलीत, दर महिन्याला नातीचे फोटो आले पाहिजेत, तेही मोबाइलचे नकोत. मी अट पाळते आहे. पण मामा, साताऱ्याच्या उन्हात बसून अटी घालणं सोपं आहे. इथे दिवाळीपासून आकाश दिसलेलं नाही. सगळीकडे राखाडी धूर. आमचं घर तळमजल्यावर, समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, खिडक्या दिवसभर बंद. हवा शुद्ध करायचं यंत्र सकाळपासून घरघरत असतं आणि भर दुपारी ट्यूब लावावी लागते. बालरोगतज्ज्ञांनी अवनीला बाहेर न्यायला मनाई केली आहे, त्यामुळे बागेत वगैरे जायचा प्रश्नच नाही.

या उजेडात तुमच्या कॅमेऱ्याचं शटर इतकं सावकाश चालतं की तेवढ्यात पोरगी सोफ्यावरून स्वयंपाकघरात पोचलेली असते. पहिल्या फोटोत तिची नुसती झुलपं आहेत. दुसऱ्यात ती आहे, पण हललेली. तिसऱ्यात मात्र स्वच्छ आली आहे, टक लावून बघतेय. तो मी फ्लॅश मारून काढला. रागवायचं तर रागवा.

बाकी ठीक. अवनी आता सबंध वाक्यं बोलते, निम्मी हिंदीत. धडपडते मात्र फार, काल दाराच्या चौकटीवर आदळून कपाळाला टेंगूळ आणलं. लाडात आली की डावा डोळा नाकाकडे वळवते. सुधन्वा म्हणतो, ही थेट त्याच्या आजीवर गेली. मला तिचं ते बघणं फार गोड वाटतं.

कुमुदिनीमामींना नमस्कार.

तुमची,
केतकी


सातारा
११ नोव्हेंबर

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो मोठ्या पडद्यावर लावून पाहिले. मामी शेजारी बसली होती. तिला सगळेच आवडले, पण तिच्या मताला आमच्या कॅमेरा क्लबात किंमत नाही.

पहिल्याला तीन गुण. झुलपं चांगली आहेत. दुसऱ्याला पाच, कारण हलली तरी हसतेय. तिसऱ्याला दोन, आणि तेही नातीकडे बघून. अगं, समोरून फ्लॅश मारणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर बॅटरी मारून "या, बसा" म्हणणं. चेहरा पिठात बुडवल्यासारखा झालाय. उजवा डोळा लालभडक, डावा कवडीसारखा पांढरा. एवढं गोड पोर आणि अगदी भुतासारखं दिसतंय. हा फोटो पुसून टाक. सुधन्वारावांच्या आईकडे तर मुळीच पाठवू नकोस.

आता नीट ऐक. पहिली गोष्ट, काळी चिकटपट्टी आण आणि त्या फ्लॅशवर लाव. म्हणजे मोहच नको. पाटबंधारे खात्यात असताना मी बोगद्यांतल्या कामांचे फोटो विनाफ्लॅश काढलेत, तुझी बैठकीची खोली त्याहून नक्कीच उजेडाची असेल. अवनीला खिडकीपासून हातभर अंतरावर बसव. खिडकी बंद असली तरी काच पुसलेली हवी, ती पुसलेली नाही हे मला इथून दिसतंय. दुसऱ्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाक, म्हणजे उजेड तिच्यावर परत येईल. कॅमेरा हातात धरू नकोस, तांदळाच्या डब्यावर टेकव. ती जेवत असताना काढ, तोंडात घास असला की पोरं क्षणभर थांबतात. आणि श्वास रोखून बटण दाब.

धुराचा बाऊ करू नकोस. धुरातला उजेड मऊ असतो, चेहऱ्याला फार चांगला.

तुझा,
सुधाकरमामा


मयूर विहार
७ डिसेंबर

ती. मामा,
सा. न.

मानलं तुम्हाला. पट्टी लावली, काच पुसली, चादर टाकली, आणि सोबतचे फोटो बघा. खिचडी खाताना खिडकीकडे बघणारी अवनी सुधन्वानं ऑफिसात लावली आहे. त्याच्या विभागातल्या सगळ्यांना वाटतं, आम्ही स्टुडिओत गेलो होतो. भल्ला आंटी तर नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या, "बेटा, इसकी भी ऐसी खींच दो." मी भाव खाल्ला थोडा. पट्टी आता कायमची तिथेच राहणार.

सुधन्वा घरी जेमतेम झोपायला येतो. संसदेचं अधिवेशन चालू आहे, खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात सगळं मंत्रालय गढलंय, रजेचं नाव काढायची सोय नाही. मी घरूनच काम करते. मीटिंग चालू असताना अवनी मांडीवर, असा कारभार आहे.

तिचा नवीन खेळ सांगते. आपण तिचे डोळे तळहातानं झाकायचे आणि "अवनी कुठे गेली?" म्हणायचं. गंमत म्हणजे डावा डोळा झाकला तर ती खुशाल हसत बसते, पण उजवा झाकला की किंचाळून माझा हात ओढून काढते. कितीही वेळा करा, हेच. सुधन्वा म्हणतो, आतापासून मर्जीची आहे.

गुण भरपूर द्या या वेळी.

तुमची,
केतकी


सातारा
८ डिसेंबर

चि. केतकीस,
आशीर्वाद.

फोटो उत्तम. गुण नंतर कळवतो.

एक काम कर. मला वाटतं, तुझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश बराच काळ बंद राहिल्यानं बिघडेल. ही जुनी यंत्रं अशीच असतात. पट्टी काढ. खोलीत अंधूक उजेड ठेव. अवनीला समोर बसवून, तिनं सरळ कॅमेऱ्याकडे बघताना फ्लॅश मारून काही फोटो काढ. मग थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून. लाल डोळे टाळायचं बटण असतं ना, ते बंद ठेव. काहीही सुधारू नकोस, निघतील तसे आजच पाठव.

आणि तो नोव्हेंबरातला फ्लॅशचा फोटो तू पुसून तर टाकला नाहीस ना? मी माझ्याकडचा पुसलेला नाही. सहज विचारलं.

सुधाकरमामा


सातारा
१० डिसेंबर

चि. केतकी,
फोटो आले नाहीत. वाट पाहतोय. मामीही विचारते आहे. बाकी काम राहू दे, आधी हे कर.

सुधाकरमामा


मयूर विहार
११ डिसेंबर

मामा,

आधी मला वाटलं, म्हातारपणी तुम्हाला लहर आली. महिनाभरापूर्वी पट्टी लाव म्हणालात, आता काढ म्हणता. ऑफिसचं काम होतं, मी दोन दिवस ढकलले. तुमची दुसरी मेल आली तेव्हा चिडूनच काढायला बसले.

बैठकीचे पडदे लावले. सुधन्वा सकाळी निघायच्या आधी अर्धा तास थांबला, त्यानं अवनीला मांडीवर घेतलं. ती कॅमेऱ्याकडे बघेना. मग मी मोबाइलवर तिचं बडबडगीत लावलं आणि तो माझ्या कपाळाला ओढणीनं बांधला. माझा तो अवतार बघून ती टक लावून बसली. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी सारखी मान टाकत होती, मी ती काढून काखेत धरून गरम करायची आणि पुन्हा घालायची. सुधन्वा हसत होता. मी पण हसत होते, मामा.

मग मी फोटो लॅपटॉपवर टाकले. सोबत जोडलेत. तुम्ही बघालच. जिथे जिथे ती सरळ बघते आहे तिथे उजवा डोळा लाल आहे आणि डावा पांढरा आहे. प्रत्येकात डावाच. तेव्हा मला नोव्हेंबरचा फोटो आठवला आणि तुम्ही "सहज" काय विचारलं होतं ते कळलं. फ्लॅश बिघडेल म्हणे. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, निदान लिहून तरी येत नाही. सरळ सांगितलं असतंत तर मी दोन दिवस घालवले नसते.

मी इंटरनेटवर बघितलं. बघायला नको होतं. जे शब्द तिथे आहेत ते मला इथे लिहायचे नाहीत.

सुधन्वाचं म्हणणं, कॅमेरा जुना आहे, भिंगावर बुरशी धरली असेल, उजेडाचा काहीतरी खेळ आहे. मोबाइलवर तर असं काहीच दिसत नाही. मी दुपारी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली, अवनीनं डोळे गच्च मिटले. म्हणाले, "देखने में तो नॉर्मल है, घबराइए मत, दो हफ्ते बाद दिखा दीजिए." मी फोटो दाखवायला मोबाइल काढला तर त्यांनी नुसती मान हलवली, बाहेर रांग होती. सुधन्वा म्हणतो, डॉक्टर म्हणतात तर दोन आठवडे थांबू, तोवर अधिवेशनही संपेल, मग मोठ्या हॉस्पिटलात दाखवू.

मामा, मला दुसरं काही नको. एवढंच खरं सांगा. चूक कॅमेऱ्याची असू शकते का?

केतकी


सातारा
११ डिसेंबर, संध्याकाळ

चि. केतकीस,

असू शकते. ते आधी लिहितो, कारण ते खरं आहे. मूल जरा तिरकं बघत असेल तर निरोगी डोळाही एखाद्या फोटोत पांढरा येतो. पण सारखा तोच डोळा, सरळ बघतानाही, हे मला पटत नाही.

फोटोत डोळा लाल येतो याचं कारण असं की फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि परत येतो. म्हणजे लाल डोळा हा निरोगी डोळा. चाळीस वर्षं मी क्लबात येणाऱ्या पोरांना हे शिकवलं. पांढरा येतो याचा अर्थ, उजेडाच्या वाटेत काहीतरी आहे. मोतीबिंदू असेल, पडद्याचं काही असेल, आणखी काही असेल. मी डॉक्टर नाही. तू डोळे झाकायच्या खेळाचं लिहिलंस ते मामीनं मला वाचायला लावलं. मी नुसते फोटो बघत होतो. ती म्हणाली, "अहो, डाव्या डोळ्यानं पोरीला दिसत नसेल तर?" मग मी जुना फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच तुला लिहायला बसलो. तुला घाबरवायला नको म्हणून फ्लॅशची थाप मारली. तुझं बरोबर आहे, ती चूक झाली.

सुधन्वारावांची शंका मिटवायची तर अशी मिटेल. कॅमेरा उलटा धरा, फ्लॅश खाली येईल असा, आणि पुन्हा फोटो काढा. दोष भिंगात असेल तर पांढरं दुसऱ्या बाजूला सरकेल. डोळ्यात असेल तर ते डाव्या डोळ्यातच राहील. त्याच खोलीत तुम्हा दोघांचेही काढा, तुमचे डोळे लाल येतील.

पण यासाठी थांबू नका. फोटो कागदावर छापून घ्या, मोठे. गर्दीत मोबाइलच्या पडद्याकडे कोणी बघत नाही, पण हातात कागद दिला की माणूस बघतो. मुलांच्या डोळ्यांचा वेगळा विभाग असेल अशा हॉस्पिटलात जा. अवनीला पुढे करू नका, आधी फोटो पुढे करा. दोन आठवडे नाही, दोन दिवसही नाही. सुधन्वारावांना सांग, खासदारांना उत्तर उशिरा मिळालं तर चालतं.

सुधाकरमामा


मयूर विहार
१७ डिसेंबर

ती. मामा,
सा. न. वि. वि.

केतकी लिहायच्या मनःस्थितीत नाही, म्हणून मी लिहितो आहे. मला पत्रं लिहायची सवय फक्त सरकारी आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

तुमची मेल मी वाचली आणि कॅमेरा उलटा धरून फोटो काढला. पांढरं तिच्या डाव्याच डोळ्यात राहिलं. आमच्या दोघांचे डोळे लाल आले. मी तो फोटो बराच वेळ बघत होतो. मला कॅमेऱ्यात दोष हवा होता, मामा, इतका की मी भिंग काढायला निघालो होतो.

त्याच दुपारी करोल बागेत एका फोटोच्या दुकानात मोठे फोटो छापायला टाकले. दुकानदारानं सवयीनं डोळे सुधारून दिले. दोन्ही काळेभोर आणि सुंदर. म्हणाला, "सर, रेड-आय ठीक कर दिया, व्हाइट वाला भी, कोई एक्स्ट्रा नहीं." मी दुकानात ओरडलो. बिचाऱ्याला काय माहीत. मग पुन्हा आहेत तसे छापून घेतले.

साहेबांना न विचारता रजा टाकली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात गेलो. गर्दी तुम्हाला सांगत नाही. खिडकीवरच्या माणसानं पुढच्या महिन्याची तारीख दिली. केतकीनं त्याच्याशी वाद घातला नाही, ती थेट आत गेली आणि पहिल्या टेबलावरच्या तरुण डॉक्टरसमोर फोटो ठेवले. उलटा फोटो सर्वात वर. त्या मुलीनं बघितलं आणि ती लगेच उठून फोटो घेऊन आत गेली. परत आली तेव्हा तिच्याबरोबर विभागाच्या मोठ्या डॉक्टर होत्या. त्यांनी अवनीकडे बघितलं आणि विचारलं, "बच्ची ने कुछ खाया है अभी?" भूल देण्याआधी हे विचारतात. मला तेव्हाच कळलं.

काल तिला भूल देऊन तपासलं. डाव्या डोळ्यात गाठ आहे. कर्करोग आहे. लहान मुलांनाच होतो हा. डोळ्याचा बराचसा भाग गाठीनं भरला आहे, त्या डोळ्यानं तिला दिसत नव्हतंच. उजवा डोळा सध्या स्वच्छ आहे. डावा डोळा काढावा लागेल, बावीस तारखेला शस्त्रक्रिया. गाठ डोळ्यातून मागच्या नसेत शिरली आहे का, हे डोळा काढून तपासल्यावर कळेल. शिरली नसेल तर पोरगी वाचली. शिरली असेल तर पुढचं सगळं अवघड. अहवालाला बरेच दिवस लागतील म्हणाल्या.

मी तो तिरपा डोळा आजीचा समजत होतो. आईला फोनवर कौतुकानं सांगत होतो.

मामींना पाठवता आलं तर फार बरं होईल. केतकी जेवत नाही.

आपला,
सुधन्वा


सातारा
१८ डिसेंबर

चि. केतकी आणि सुधन्वाराव,

मामी उद्या पुण्याहून गाडीत बसते आहे. दिल्लीकडच्या गाड्या धुक्यानं उशिरा धावताहेत असं कळतं, तेव्हा स्टेशनवर कोणी वाट पाहत थांबू नका, ती पत्ता घेऊन रिक्षानं येईल. तिला हिंदी येतं तेवढं पुरे.

मी येत नाही. मला ऐकू येत नाही, दवाखान्यात माझा उपयोग काय, उलट तुम्हालाच मला सांभाळावं लागेल. हे मी मामीला सांगितलं. तुला खरं कारण सांगतो. तो फोटो नोव्हेंबरात माझ्या डोळ्यांसमोर होता. लाल कशानं होतो हे मला ठाऊक होतं, म्हणून पांढऱ्यापाशी मी थांबायला हवं होतं. मी दोन गुण दिले, पुसून टाक म्हणालो आणि वर पट्टी लावायला लावली. महिनाभर त्या पोरीच्या डोळ्यावर मी अंधार टाकला. मला चांगला फोटो हवा होता, दुसरं काही मी बघतच नव्हतो. आता अवनीसमोर कोणत्या तोंडानं येऊ.

एक मागणं आहे. डॉक्टरबाईंना विचार, नोव्हेंबरात आणलं असतं तर डोळा वाचला असता का. जे उत्तर येईल ते मला लिही, सौम्य करू नकोस. मी तुझ्यापासून लपवलं, तू माझ्यापासून लपवू नकोस.

सुधाकरमामा


मयूर विहार
१३ जानेवारी

ती. मामा,
सा. न.

इतके दिवस लिहिलं नाही. मामी तुम्हाला एसेमेस करत होत्या हे मला माहीत आहे, "ठीक आहे" एवढंच. मीच त्यांना दुसरं काही लिहू दिलं नाही. अहवाल येईपर्यंत मला कोणाशी काही बोलायचं नव्हतं.

काल अहवाल आला. नस स्वच्छ आहे. गाठ डोळ्याच्या आतच होती, डोळ्याबरोबर गेली. मोठ्या डॉक्टरांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि हिंदीत म्हणाल्या, "अब घर जाओ और इसे खाना खिलाओ." सुधन्वा तिथेच खुर्चीत बसून रडला. मला रडू आलं नाही. मी अवनीला कडेवर घेतलं आणि कुठे न्यावं ते मला कळेना, म्हणून तशीच उभी राहिले.

अवनी बरी आहे. डाव्या डोळ्यावर पट्टी आहे, पुढे कृत्रिम डोळा बसवतील. तिला फारसं काही वाटत नाही. त्या डोळ्यानं कित्येक दिवस दिसत नव्हतं, ती केव्हाच एका डोळ्यानं जगायला शिकली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. मामींना ती "सातारा आजी" म्हणते आणि त्यांच्या हातचंच खाते. भल्ला आंटींनी पहिल्यांदा तिला पट्टीत बघितलं तेव्हा त्या जिन्यात बसून राहिल्या, आता रोज गाजराचा हलवा आणतात.

तुम्ही विचारायला सांगितलंत. मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, नोव्हेंबरात आला असतात तर डोळा वाचवायचा प्रयत्न कदाचित करून बघितला असता, वाचलाच असता असं सांगता येणार नाही. मी ते ऐकलं. मग त्या म्हणाल्या, फोटो आणले नसते तर तुम्ही साधारण मार्च-एप्रिलात, डोळा सुजल्यावर आला असतात, आणि तेव्हा आपण डोळ्याबद्दल बोलत नसतो.

दोन्ही उत्तरं त्यांनी सांगितली तशी लिहिली. सौम्य केलेलं नाही. पहिलं वाचून मला तुमचा राग आला, आजही येतो, खोटं कशाला बोलू. आणि मग आठवतं की तो फोटो मी काढला होता, तो पांढरा डोळा तुमच्याआधी मी बघितला होता, आणि तुम्ही काय म्हणाल एवढ्याचीच मला काळजी होती. त्या तिरप्या बघण्याला मी गोड म्हटलं होतं. सुधन्वानं दोन आठवडे मागितले होते. या घरात कोणाला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही. दुसरं उत्तर मात्र माझ्या मांडीवर बसून आत्ता गाजराचा हलवा खातंय.

तेव्हा ते तोंड दाखवायचं वगैरे राहू द्या. इथली धास्ती अजून संपलेली नाही. हा रोग दुसऱ्या डोळ्यातही उमटू शकतो, म्हणून काही महिने, कदाचित काही वर्षं, ठरावीक दिवसांनी तिला भूल देऊन उजवा डोळा तपासणार. पहिली तपासणी चोवीस तारखेला आहे. तिला आत नेतात, दार लागतं, आणि आपण बाहेर लोखंडी बाकावर बसायचं. कोणी काही सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी सुधन्वा सारखा येरझाऱ्या घालत होता आणि मामी जप करत होत्या. मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं. तेव्हा मला तुमची आठवण आली, आणि तेव्हाही मी रागातच होते.

तुम्हाला ऐकू येत नाही, हे कारण चालणार नाही. त्या बाकावर ऐकण्यासारखं काही नसतं. तुम्ही नुसते माझ्या शेजारी येऊन बसा. दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आल्या की त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस मला होत नाही. ते तुम्ही करा.

तुमची,
केतकी